कार्यशाळेला पट्टी घेऊन जा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

विभागाच्या अर्थशास्त्र मंडळाचं काम यंदा तुझ्याकडे आलं, ऐकून फार बरं वाटलं. कार्यशाळा, व्याख्यानं आणि चित्रपट एवढं वर्षभरात बसवायचं आहे, तर काय काय ठेवू, असं तू फोनवर विचारलंस. फोनवर हे नीट बोलून होत नाही. शिवाय मीही बी.ए.ला अर्थशास्त्रच घेतलं होतं, त्यामुळे या विषयावर मला बोलायचंही बरंच आहे.

तू पाठवलेली यादी पाहिली. शेअर बाजार, अर्थसंकल्पाचं विश्लेषण, स्पर्धा परीक्षांसाठी अर्थशास्त्र, स्टार्टअप. वाईट यातलं काहीच नाही. पण ही यादी पुण्याच्या कुठल्याही कॉलेजला चालेल, आणि तुझ्या वर्गात बसलेली निम्मी मुलं जिथून आली आहेत तिथलं त्यात काहीच नाही. आमच्या वेळी असंच होतं. सर मागणीचा नियम फळ्यावर काढायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, आणि कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर लासलगावचा कांद्याचा लिलाव चालू असायचा. तिथं एकदाही कुणी आम्हाला नेलं नाही.

म्हणून माझं एकच मागणं आहे. पहिली कार्यशाळा कागदाची ठेव. प्रत्येकानं घरून पैशाचा एक कागद आणायचा: कांद्याची पट्टी (विक्रीनंतर मिळणारी हिशेबाची पावती), दूध डेअरीची पावती, उसाचं बिल, बचत गटाचं पासबुक, वडिलांची पगाराची स्लिप, काहीही. पाच-पाच जणांचे गट करायचे आणि त्या कागदावरची प्रत्येक ओळ वाचायची. हा आकडा कुणी ठरवला? हा पैसा कुणाला गेला? हा खर्च कुणाच्या माथी का? दुधाच्या पावतीवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असतं, त्यावर दर ठरतो. ते मोजणारं यंत्र डेअरीचं असतं, दूध घालणाऱ्याचं नसतं. माहिती एकाच बाजूकडे असली की बाजारात काय होतं, हे पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. ते मुलांना पावतीवरून आधी कळू दे, प्रकरण मग वाचतील.

कांद्याची पट्टी कशी वाचायची हे मी तुला सांगायला नको, पण वर्गातल्या शहरातल्या मुलांना सांगावं लागेल. लिलावात ट्रॅक्टरच्या रांगेतून व्यापारी फिरतात, वरचा कांदा हातात घेऊन बघतात, मिनिटा-दोन मिनिटांत बोली संपते. मग भुईकाट्यावर वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली. आणि कधी कधी खळ्यावर गेल्यावर ‘खालचा माल हलका निघाला’ म्हणून ठरलेला भाव तोडतात. आपल्याही बाबतीत झालं आहे, तुला आठवत असेल. ट्रॉली अर्धी रिकामी झालेली असते, दिवस कललेला असतो, परत भरून न्यायची तर भाडं कोण देणार? तेव्हा शेतकरी मान हलवतो. सौदा दोघांच्या राजीखुशीनं झाला असं कागद म्हणतो. मुलांना इथं थांबव आणि चर्चा होऊ दे.

आणखी एक पट्टी त्यांच्यासमोर ठेव. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला. दर मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई असं ५०९ रुपये ५१ पैसे कापून गेलं आणि हाती पडला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. लोक हळहळले आणि विसरले. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं हळहळून भागणार नाही. भाव पडला तरी भाडं आणि हमाली का पडत नाही? ते वजनावर आणि गोणीवर असतं, किमतीवर नसतं. मग पडत्या भावाचा सगळा भार एकाच माणसावर येतो. एवढं एका कागदावरून निघालं तरी कार्यशाळा सार्थकी लागली म्हणायची. आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, २०१६ पासून शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम झाला. त्यानं शेतकऱ्याच्या हाती खरोखर किती वाढलं, की बोलीच तेवढी खाली आली? हे तुमच्यातल्या कुणीतरी जुन्या आणि नव्या पट्ट्या शेजारी ठेवून शोधायला हवं. चांगला प्रकल्प होईल.

शेअर बाजाराची कार्यशाळा रद्द कर असं मी म्हणणार नाही. मुलांना त्याची ओढ आहे, आणि आपल्या गावातही पारावर बसून पोरं मोबाईलवर ऑप्शन घेतात, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर सौदे करतात. पण जो कुणी शिकवायला येईल त्याला आधी सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, सप्टेंबर २०२४ चा अहवाल मांडायला सांग. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर १०० जणांपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. हे सांगायला जो तयार नसेल तो शिकवायला आलेला नाही, खाती उघडून घ्यायला आला आहे. त्याला नम्रपणे नको म्हण.

आता व्याख्यानं. तू ज्या शहरात आहेस तिथं व्याख्यानाला फार मोठी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्याच सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जाचे कागद, खतं-रोखे, बाहेर काढून जाळले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेली तेजी ओसरली होती, सारा वाढवला होता, आणि कर्ज मात्र तसंच उभं होतं. त्यातून पुढं १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. रानड्यांनी नंतर १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं आणि स्पष्ट सांगितलं की इंग्लंडातल्या परिस्थितीवर बेतलेले सिद्धांत जसेच्या तसे इथं लावता येणार नाहीत. ज्या माणसाच्या जिल्ह्यात रोखे जळले होते तोच हे म्हणू शकतो, असं मला नेहमी वाटतं. तारीख आणि सभागृह एवढंच मुलांना पाठ असतं. ते व्याख्यान कुठल्या दुखण्यातून आलं हे कुणी सांगत नाही.

बाबासाहेबांचंही तसंच. २९ जानेवारी १९३९ ला त्यांनी पुण्यात गोखले हॉलमध्ये काळे स्मारक व्याख्यान दिलं, हे गोखले इन्स्टिट्यूटच्या आसपास वावरणाऱ्यांना माहीत असतं. पण १९१८ मध्ये त्यांनी लहान धारणक्षेत्रावर लिहिलं होतं ते तुमच्या वर्गात कुणी वाचलं आहे का, विचार. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरावरून ठरत नाही, त्याला जोड म्हणून भांडवल आणि अवजारं किती आहेत त्यावर ठरतं. आणि शेतीवर टेकलेली जास्तीची माणसं उद्योगात गेल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असं ते म्हणाले. आपल्या वाटणीनंतरच्या जमिनीकडे बघून मला ते रोज पटतं. यावर एक व्याख्यान ठेवच.

बाकीच्या व्याख्यानांना फक्त प्राध्यापक बोलावू नकोस. मार्केट यार्डातला एखादा जुना हमाल बोलाव. माथाडी कायदा १९६९ चा; त्याआधी काय होतं आणि नंतर काय झालं हे तो ज्या तपशिलानं सांगेल तसं दुसरं कुणी सांगणार नाही. बोलणाऱ्याला चाळीस मिनिटं आणि प्रश्नांना तेवढाच वेळ, हे आधीच ठरवून टाक. जी मुलं उभी राहून विचारायला बुजतात त्यांच्याकडून चिठ्ठ्या घे. प्रमाणपत्रासाठी सही करून मागच्या दारानं निघणारी असतील तर सहीचा कागद शेवटी फिरव.

कांद्याच्या निर्यातीवर मात्र एक वादसभाच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी टनाला ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये ते २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य झालं. डिसेंबरची बंदी लाल कांद्यावर आली. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत चार-पाच महिने थांबतो, लाल थांबत नाही. काढला की विकावाच लागतो. पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बघून विकायचा माल कमी-जास्त करता येणं, नसली की काय होतं हे निफाड तालुक्यानं त्या महिन्यात अंगावर सोसलं. पण वादसभेत दुसरी बाजूही ताकदीनं मांडली गेली पाहिजे. पुण्या-मुंबईत महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या बाईला कांदा साठ-सत्तर रुपयांना परवडत नाही, हेही खरं आहे. ती आपली शत्रू नाही. दोघींनाही झेपेल असं धोरण कसं असावं, यावर डोकं चालवायलाच तर तुम्ही शिकता आहात.

चित्रपटांबद्दल थोडंच सांगते. ‘मंथन’ दाखव. १९७६ चा, श्याम बेनेगलांचा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला, म्हणजे पडद्यावरच्या गोष्टीइतकीच त्याच्या भांडवलाची गोष्टही अभ्यासाची आहे. आणि बिमल रॉय यांचा १९५३ चा ‘दो बीघा जमीन’. त्यात शंभूच्या हिशेबानं देणं ६५ रुपये असतं आणि जमीनदाराच्या कागदावर २३५ निघतं. तिथं चित्रपट थांबव, दिवे लाव आणि मुलांना विचार की अंगठा देणाऱ्याकडे हे खोडून काढायला काय होतं. सुप्याचे रोखे का जाळले गेले ते त्यांचं त्यांना उमगेल. मग चित्रपट पुढं चालू कर.

एक गोष्ट तुझ्या यादीत मला कुठंच दिसली नाही, ती सांगून थांबते. हमीभाव काढताना सरकार ए२ अधिक एफएल हा खर्च धरतं. ए२ म्हणजे बियाणं, खत, मजूर यांवर प्रत्यक्ष केलेला खर्च. त्यातलं एफएल म्हणजे घरच्या माणसांची मजुरी. कांद्याला हमीभाव नाही, तेव्हा आपली तेवढीही मोजली जात नाही. आणि हमीभाव असता तरी रोपं उपटणं, कांदा निवडणं, चाळीत सडका बाजूला काढणं एवढं धरतील. मजुरांचा चहा, पहाटेचा स्वयंपाक, आजीचं औषधपाणी कुठं धरणार? सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७, असं निघालं. यावर एक कार्यशाळा घे. मुलामुलींना आपल्या घरातल्या प्रत्येकाचा एक दिवस तासातासानं लिहून आणायला सांग. मुलांना तर आवर्जून सांग.

पट्ट्यांची फाईल मामाबरोबर पाठवते आहे. झेरॉक्स काढून मूळ कागद परत आण, पीककर्जाच्या वेळी लागतात. आपलं नाव दिसलं तरी चालेल, व्यापाऱ्याचं मात्र झाक. आणि चाळीतली घट, सड, घरचे कष्ट यावर बोलायला कुणी मिळालं नाही तर मला कळव. तारीख कांदा लागवडीच्या आधीची धर, मी येऊन बोलेन.

तुझी,
आई