झुक्केरोचे सोबती: मित्रास पत्र

प्रिय विश्वास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. युगुलगीतांच्या अल्बमविषयी तू घेतलेला आक्षेप, म्हणजे एखादा गायक मागे पडू लागला की दहा-पंधरा नामवंतांना बोलावून स्वतःच्या जुन्याच गाण्यांवर नवी झूल चढवतो, हा पुष्कळ ठिकाणी खरा आहे. तरीही झुक्केरो फोर्नाचारी या इटालियन गायकाच्या २००४ सालच्या ‘झू अँड को’ या अल्बमला तो लागू करू नकोस, अशी माझी तुला कळकळीची विनंती आहे. पाहुण्यांची नावे वाचून तुझा संशय वाढेलच: स्टिंग, एरिक क्लॅप्टन, बी. बी. किंग, शेरिल क्रो, लुचानो पाव्हारोत्ती, मेक्सिकोचा ‘माना’ हा रॉकचा चमू. परंतु ही मंडळी एका हंगामात गोळा केलेली नाहीत. यांतल्या कित्येक भेटी आधीच्या पंधरा-सोळा वर्षांत एकेक करून घडत आल्या होत्या आणि दोन पाहुणे तर अल्बम निघाला तेव्हा हयातही नव्हते.

त्या दोघांतला पहिला अमेरिकेचा जॅझ वादक माइल्स डेव्हिस. ‘दूने मोस्से’ हे गाणे झुक्केरोच्या १९८७ सालच्या ‘ब्लूज’ या अल्बममधले. ते डेव्हिसच्या कानावर पडले, त्याला आवडले, आणि १९८८ मध्ये त्याने त्यावर आपला ट्रम्पेट वाजवला. हे ध्वनिमुद्रण तब्बल सोळा वर्षे अप्रकाशित राहिले. डेव्हिस १९९१ मध्ये वारला आणि ते लोकांसमोर आले ते याच अल्बममधून. डेव्हिसला इटालियन शब्दांशी काही देणेघेणे नाही. गायकाने ओळ सोडली की तो तिथे मोजकेच स्वर ठेवतो, पुन्हा गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यामुळे झुक्केरोचा खरखरीत आवाज अधिक एकाकी वाटू लागतो. आपल्याकडे ठुमरीच्या मागे जाणता सारंगिया जसा वागतो, तसेच हे वागणे आहे. माझ्या मते संपूर्ण अल्बममधले हे सर्वांत पूर्ण युगुलगीत आहे, मग त्यात दुसरा गळा नसला तरी.

दुसरा जॉन ली हूकर. ‘आली दोरो’ हे गाणे ज्या ‘शेक’ नावाच्या अल्बममध्ये प्रथम आले, तो २००१ च्या सप्टेंबरमध्ये निघाला आणि हूकर त्याच वर्षी जूनमध्ये गेला होता. रेज्जो एमिलियाजवळच्या रोन्कोचेझी या खेड्यात १९५५ साली जन्मलेल्या, आदेल्मो हे मूळ नाव असलेल्या झुक्केरोने आयुष्यभर ज्या ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गानप्रकारावर जीव टाकला, त्या ब्लूजचा एक आद्य आवाज अखेरच्या दिवसांत त्याच्या गाण्यात येऊन बसावा, हे मला फार मोठे वाटते. तिथे झुक्केरो यजमानासारखा मिरवत नाही. म्हाताऱ्याला जागा करून देतो.

‘सेन्झा ऊना दोन्ना’ तू ऐकलेच असशील. पॉल यंग या इंग्लिश गायकाबरोबर १९९१ मध्ये अर्धे इंग्रजीत गायलेल्या या गाण्याने ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत चौथा क्रमांक गाठला आणि झुक्केरोचे नाव इटलीबाहेर पक्के केले.

‘मिझेरेरे’विषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. १९९२ सालचे हे गाणे झुक्केरोला पाव्हारोत्तीबरोबर गायचे होते. पाव्हारोत्ती शेजारच्याच मोदेनाचा, पण ऑपेराच्या रंगमंचावरून रॉकच्या गायकाशेजारी येऊन उभे राहणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्याला चाल ऐकवण्यासाठी नमुन्याचे जे ध्वनिमुद्रण केले, त्यात वरच्या पट्टीतला भाग एका अपरिचित, दृष्टिहीन तरुणाकडून गाऊन घेतला. तो तरुण म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक आंद्रेआ बोचेल्ली. तो आवाज ऐकून पाव्हारोत्ती प्रभावित झाला. पुढे अल्बममध्ये त्याने स्वतः गायले, तर झुक्केरोने दौऱ्यावर बोचेल्लीला सोबत नेले आणि तिथून त्याचे दिवस पालटले. आता गाणे ऐकताना दोन आवाजांची जात किती वेगळी ठेवली आहे तिकडे लक्ष दे. झुक्केरो जमिनीलगत, जवळजवळ बोलल्यासारखा गातो आणि पाव्हारोत्ती वर जातो, तेव्हा खालच्याने वरच्याची बरोबरी करण्याचा मोह पूर्ण टाळला आहे. हा संयम मला कमालीचा आवडतो.

स्टिंगचे ‘मुओयो पेर ते’ हे स्टिंगच्याच १९९१ मधल्या एका गाण्याचे इटालियन रूप आहे, आणि शब्द झुक्केरोचे. म्हणजे इथे पाहुणा आपलेच गाणे यजमानाच्या भाषेत गातो. अल्जीरियाच्या चेब मामीबरोबरचे ‘कोझी चेलेस्ते’ त्याहून धीट आहे, कारण राई या अल्जीरियन लोकगायनाच्या परंपरेतला मामीचा कंपित, उंच स्वर अरबी शब्द घेऊन आत येतो आणि चाल तीच असूनही गाण्याचे गाव बदलते.

सगळेच साधले आहे असे मी म्हणणार नाही. शेरिल क्रोबरोबरचे ‘ब्लू’ गोड आहे, पण दोघे इतके एकमेकांसारखे वागतात की दोघांची गरज का पडली, हे उमगत नाही. क्लॅप्टनची गिटार मूळ १९८९ च्या ध्वनिमुद्रणातलीच असूनही आजही ताजी वाटते, ही मात्र आनंदाची गोष्ट.

अल्बमबरोबरच मे २००४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये यांतल्या अनेकांना घेऊन झुक्केरोने मैफल केली, तिचे चित्रणही उपलब्ध आहे. आधी अल्बम ऐक, मग ते पाहा. उलट क्रमाने गेलास तर नावांचीच गर्दी डोळ्यांत भरेल. ‘दूने मोस्से’ आणि ‘मिझेरेरे’ ही दोन गाणी ऐकून झाल्यावर तुझा आक्षेप कितपत टिकतो, ते मला सविस्तर कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश