सूचना चालीत हवी

महोदय,

सकाळी कचरागाडी रामबागेच्या वळणावर असतानाच आमची साडेतीन वर्षांची नात डबा उचलायला धावते. गाडीवरच्या गाण्याचे निम्मे शब्द तिला कळत नाहीत, पण चाल दिवसभर तोंडात. (खरं सांगायचं तर माझ्याही.) २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर लागला, त्यात या गाण्याचाही थोडा हात असावा असं मला वाटतं.

उलट आमच्या चौकातल्या भोंग्यावरची वाहतुकीची सूचना. वाक्य एवढं लांब, की क्रियापद येईपर्यंत सिग्नल सुटतो. रोज ऐकूनही मला ती सांगता येणार नाही.

आपल्याकडे याची युक्ती जुनीच आहे. मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, शेवटचा आखूड, म्हणजे तिथे श्वास आणि टाळ दोन्हींना जागा. एक चरण आठवला की यमक पुढचा ओढून आणतं. पाढ्यांचंही तेच. ‘सात चोक अठ्ठावीस’ म्हणताना आपण गुणाकार करत नाही, ठेका धरतो.

म्हणून मीच जुळवून पाहिलं:

थांबली रे गाडी । लाल दिव्यापाशी ।
घाई नको अशी । चौकामधे ॥

मराठीत जमतं तर हिंदीतही जमेल. नातीला दुसऱ्या दिवशी पाठ झालं होतं. आता मी पिवळ्या दिव्याला गाडी काढली की मागून ऐकू येतं.

– एक आजोबा, रामबाग, इंदूर