भिजलेली पुस्तके आणि उशिरा पोहोचलेली माहिती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गावच्या वाचनालयात तिसऱ्या फळीपर्यंत पाणी चढले होते. पाणी ओसरल्यावर ऊन पडले तशी मी आणि शिपाईमामांनी पुस्तके शाळेच्या गच्चीवर पसरली. कागद वाकले, बांधणी उकलली. दिवाळी अंकांचे बांधीव खंड वाळून विटांसारखे घट्ट झाले. दाखल नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘बाद’ असा शेरा मीच लिहिला.

उन्हात टाकायचे नसते, हे मला वर्षभराने एका महाविद्यालयीन ग्रंथपाल मैत्रिणीकडून कळले. चिखल लागलेले पुस्तक मिटलेलेच ठेवून स्वच्छ पाण्याने धुवायचे. मग सावलीत, पंख्याखाली, पाने थोडी विलगून उभे करायचे आणि मध्ये मध्ये शोषक कागद घालून तो बदलत राहायचे. गुळगुळीत कागदाची पाने ओली असतानाच सुटी करावी लागतात, एकदा चिकटली की सुटत नाहीत. बुरशी साधारण दोन दिवसांत धरते. तेवढ्या वेळात सगळी पुस्तके हाताळणे शक्य नसेल, तर उरलेली पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवायची आणि सवडीने थोडी थोडी काढून वाळवायची. गावात आईस्क्रीमवाल्याकडे तसा फ्रीझर आहे. मागितला असता तर त्याने नक्की दिला असता.

जुलै २०२१ च्या पुरात या माहितीने आमची बरीच पुस्तके वाचली. नदीपलीकडच्या वाचनालयात मात्र तेव्हाही पुस्तके उन्हातच वाळत होती. त्यांना हे सांगणारे कोणी भेटले नव्हते. याची हळहळ मला आजही आहे.

पुराचे हे एक झाले. शेजारच्या एका वाचनालयाने देवघेवीसाठी विकतची संगणक प्रणाली घेतली. विक्रेता पुढे फोन उचलेनासा झाला आणि हजारो नोंदी आत अडकल्या. कोहा ही प्रणाली कुणालाही मोफत वापरता येते, हे त्यांना आधी माहीत असते तर? राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या साहाय्य योजना १९७२ पासून आहेत, पण अर्जाची मुदत आमच्यातल्या अनेकांना ती उलटल्यावर कळते. विद्यापीठात आणि महाविद्यालयांत कार्यशाळा होतात, त्यांचे वृत्त आम्ही दुसऱ्या दिवशी वाचतो. चंदगड-आजऱ्याकडच्या ग्रंथपालाला कोल्हापूर गाठायचे तर अख्खा दिवस मोडतो. त्याला आठ दिवस आधी कळायला हवे.

आणि हे कोल्हापुरात व्हावे! सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा देशात सर्वांत आधी, १९४५ साली, या संस्थानाने केला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी आला. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून उभे आहे. ज्या भूमीत ग्रंथालयाची एवढी कदर झाली, तिथे खेड्यातला ग्रंथपाल आज तुटपुंज्या मानधनावर एकट्यानेच वर्गीकरण करतो, झाडू मारतो आणि अनुदानाचे कागदही रंगवतो. त्याचे मानधन वाढले पाहिजेच, ती मागणी आमच्या संघटना करत आहेत. मी आपल्याकडे मागते आहे ती फक्त जागा.

पंधरा दिवसांतून एकदा, जिल्हा पानावर, एक चौकट द्यावी. येत्या प्रशिक्षणांच्या तारखा, योजनांच्या मुदती, रिकाम्या जागा, कुणाकडे जादा प्रती आहेत आणि कुणाला हव्या आहेत, आणि कामाची एखादी युक्ती, इतकेच त्यात असेल. आपला अंक आमच्या प्रत्येक वाचनालयाच्या टेबलावर सकाळी येतोच, त्यामुळे वेगळा खर्च नाही. मजकूर गोळा करून, तपासून वेळेवर देण्याची जबाबदारी आम्ही शिरोळ तालुक्यातल्या चार ग्रंथपालांनी घेतली आहे.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो. तोवर मात्र थांबू नये, कारण पंचगंगेला पाणी त्याआधीच चढते. भिजलेल्या पुस्तकांवरचा पहिला मजकूर लिहून तयार आहे. आपला होकार आला की त्याच दिवशी कार्यालयात आणून देते.

आपली,
एक ग्रंथपाल, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर