मेडिकलवाल्या ताईंना, मिरकरवाड्याहून

ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघड लिहितोय. तुमच्या मदतीने माझी सिगारेट सुटली, त्याचे आभार मानायला दुकानात आलो की मागे गिऱ्हाईक उभं असतं, आणि तुम्ही "काका, त्यात काय एवढं" म्हणत पुढच्याची चिठ्ठी हातात घेता. त्यात बरंच काही होतं, आणि ते चारचौघांत सांगावं असं मनापासून वाटतं. सध्या मासेमारी बंदी आहे, १ जून ते ३१ जुलै. बोटी शाकारून ठेवल्यात, बर्फाला मागणी नाही, हाताशी वेळ आहे.

शिमगा नुकताच आटपला होता. मी तुमच्याकडे आलो होतो तो खोकल्याचं औषध मागायला. खोकला कधीपासून, कफ पडतो का, हे विचारून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "काका, सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने?" म्हटलं, चहाच्याही आधी. त्यावर माझ्या तोंडाकडे बघून मान हलवली नाहीत, पाकिटावरचं चित्र दाखवलं नाहीत, नातवंडांची शपथ घातली नाहीत. ते सगळं घरच्यांनी आणि डॉक्टरांनी वर्षानुवर्षं करून झालं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "सोडायची ठरवलीत तर आधी माझ्याकडे या. कुठल्या दिवशी काय होईल ते सांगते."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. सोडा, सोडा सगळे म्हणत. सोडल्यावर रात्री दोन वाजता अंगात काय होतं, ते कोणी सांगत नसे.

मी आलो तेव्हा तुम्ही पहिलं काम केलंत ते मला काहीच न विकण्याचं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला निकोटिनची ४ मिलिग्रॅमची चावायची गोळी (निकोटिन गम) लागते, आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. २ मिलिग्रॅमच्या गोळ्यांचं पाकीट तुम्ही तिथल्या तिथे हातावर ठेवू शकला असता, मी पैसेही दिले असते. तुम्ही मला डॉक्टरांकडे पाठवलंत, रक्तदाब तपासून घ्यायला लावलात आणि मगच गोळ्या दिल्यात. या एका गोष्टीसाठीही पत्र लिहिलं असतं.

मग ती गोळी खायची कशी, याचा धडा. चुइंगमसारखी सारखी चावत बसायची नाही. हळू चावायची, तोंडात झणझणलं की गालात दाबून ठेवायची, झणझण ओसरली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतून रक्तात जातं. गिळलं तर पोटात जळजळ आणि उचक्या. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, तोंड आंबट असताना ती गोळी लागूच पडत नाही. पाकिटातल्या कागदावर कॉफी आणि फळांचे रस लिहिले होते. तुम्ही आमचं ताट डोळ्यांसमोर आणून सांगितलंत, "सोलकढी प्यालात, कोकम सरबत घेतलंत, तर पंधरा मिनिटं थांबा. चूळ भरा. मग गोळी." दुपारी जेवून सोलकढीची वाटी रिकामी केली की लगेच तलफ येणार, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही सांगितलं नसतं तर मी दोन घासांत गोळीला नाव ठेवून ती फेकून दिली असती.

आमच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो, आत काडी ओढायची नाही हा नियम पहिल्यापासून. त्यामुळे माझी सिगारेट फाटकाबाहेरची. रात्री बोट लागली की लाद्या क्रशरमधून फोडून तिच्या खणात बर्फ सोडायचा, बोट भरून निघाली की फाटकाबाहेर यायचं. हात गार पडलेले, डोळ्यांसमोर बंदरातले दिवे, आणि एक सिगारेट. कामाचा तो शेवटच होता. तुम्ही विचारलंत, "त्या वेळी हाताला काय देणार?" मला उत्तर नव्हतं. तुम्ही म्हणालात, तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते, मग ओढा किंवा ओढू नका, ती ओसरतेच. तेवढा वेळ पाय चालवा. मी फाटकातून रत्नदुर्ग किल्ल्याच्या रस्त्याला वळायचो, चढावर दम लागेपर्यंत जायचो आणि परत यायचो. परत येईपर्यंत ती खरंच बसलेली असायची. पुन्हा यायची, पण पुन्हा बसायची.

पहिला दिवस तुम्ही म्हणालात तसा बरा गेला. बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, बोटीच्या इंजिनाच्या धुरातही तोच वायू असतो, हे ऐकून उलट उत्साह आला होता. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसरा दिवस मात्र सांगण्यासारखा नाही. हात स्थिर नाहीत, हिशेबाच्या वहीतली ओळ दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, क्रशरचा आवाज दातांत घुसतो. त्या दिवशी मला वाटलं असतं की हे असंच राहणार. पण तुमचं वाक्य कानात होतं: "तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट वाटेल. ते वाढत जाणारं नाही, शिगेला पोचलेलं आहे." वादळाच्या इशाऱ्याचा बावटा आधी दिसला की तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, बोट वेळेत आत आणतो, तसं झालं माझं. वादळ आलंच, पण मी बंदरात होतो.

खोकला वाढेल हेही सांगितलंत. खोकल्यासाठी सिगारेट सोडली आणि खोकला दुप्पट झाला, हे कोणालाही घाबरवील. फुफ्फुसांतली साफसफाई करणारी बारीक केसं धुराने निपचित पडलेली असतात, ती पुन्हा हलायला लागली की साठलेला कफ वर येतो, हे माहीत नसतं तर मी त्याच आठवड्यात पाकीट घेतलं असतं. बद्धकोष्ठ, तोंड येणं, चित्रविचित्र स्वप्नं, सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे आलं आणि गेलं.

चहाचं तर मला अजून नवल वाटतं. धुरामुळे यकृत चहातलं कॅफिन भराभर निकालात काढतं. धूर बंद झाला की तोच चहा अंगात रेंगाळतो, मग छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस समजतो की सिगारेट नसल्यामुळे असं होतंय. "चहा निम्म्यावर आणा," म्हणालात. आणला, आणि दोन रात्रींत झोप लागायला लागली. इतकी साधी गोष्ट किती जणांना माहीत असेल?

सुपारीलाही तुम्ही नाही म्हणालात. परसात पोफळी असलेल्या माणसाला हे पचायला जड गेलं. तोंडात काहीतरी हवं म्हणून मी अडकित्ता काढलाच होता. नुसती सुपारीही कर्करोग करते, तंबाखू नसली तरी, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत. मग खिशात बडीशेप आणि भाजलेले चणे आले.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहितोय ते. माझ्या नकळत तुम्ही आमच्या घरच्या मंडळींना दुकानात बोलावून घेतलंत आणि सांगितलंत, "काकी, काका काही दिवस चिडतील. ते तुमच्यावर नाही, निकोटिन उतरतंय म्हणून. भांडू नका आणि कौतुकही फार करू नका, जेवणाची वेळ तेवढी पाळा." मला हे खूप नंतर कळलं. त्या दिवसांत घरात कोणी मला उलटून बोललं नाही, वेळेवर ताट समोर यायचं, आणि मला वाटायचं आपलं नशीब. ते नशीब तुम्ही बांधून दिलेलं होतं. काकी तुम्हाला वेगळा नमस्कार सांगते.

सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा फुकट नंबरही तुम्हीच वाचायला लावलात. दुकान बंद असेल तेव्हा कोणाशी बोलायचं, म्हणून. एकदा मी तो लावला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, न घाई करता. मनावरचं ओझं हलकं झालं.

आता वास यायला लागलेत. सुके बोंबील भाजल्याचा वास मला गल्लीच्या तोंडाशी कळतो. परवा आमटीत मीठ जास्त म्हणालो, तर काकी म्हणाली मीठ तेवढंच आहे, तुमची जीभ परत आली. किल्ल्याचा चढ अजूनही जातो, आता सवयीने. भरती-ओहोटीसारखी तलफ अधूनमधून येते, विशेषतः पावसाची झड लागली की. घड्याळ बघतो आणि चालायला लागतो.

एक विनंती आहे. १ ऑगस्टला बोटी सुटतील, गावी गेलेले खलाशी परततील. त्यातल्या दोघांनी मला विचारलंय, काका, तुमचं कसं जमलं? त्यांना मी तुमच्याकडे पाठवतोय. एक विडी ओढतो. दुसरा तंबाखू मळतो, त्याला गोळी चालते की आणखी काही, ते मला सांगता येणार नाही. दोघंही नेपाळचे, हिंदी बोलतात. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी कमी असते, त्या वेळी धाडतो. चिठ्ठी लागली तर डॉक्टरांकडे मी घेऊन जाईन.

आपला,
बर्फ कारखान्यातला काका