पुण्याला परागकणांचं कॅलेंडर हवं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणपती उठले की पुण्यात घरोघरी एकच ऐकू येतं, हवा बदललीय ना म्हणून सर्दी झालीय. मग मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, कुणी मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक घेतं, आणि महिना उलटला तरी शिंका चालूच. यातल्या कितीतरी जणांना सर्दी नसतेच हो, ॲलर्जी असते, आणि ॲलर्जीवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. सर्दीत घसा धरतो, अंग दुखतं, कधी कणकण येते आणि आठ-दहा दिवसांत माणूस बरा होतो. ॲलर्जीत ताप नसतो. शिंकांवर शिंका येतात, नाकातून पाण्यासारखं वाहतं, डोळे आणि टाळू खाजतात आणि मुख्य म्हणजे दरवर्षी त्याच महिन्यात नाहीतर त्याच जागी गेलं की सुरू होतं. लहान मुलं तळहाताने नाक सारखं वर घासतात, कधी कधी त्याची नाकावर आडवी रेघसुद्धा उमटते, ती जरूर बघा.

माझ्या मुलीला हा त्रास आहे. आमच्या डॉक्टरांनी औषधाच्या आधी एक वही करायला सांगितली, त्रास कधी झाला, कुठे झाला, तेव्हा काय चाललं होतं एवढंच लिहायचं. त्यातून दोन गोष्टी लक्षात आल्या. सकाळी गादीवरून उठल्या उठल्या शिंका, या बारा महिने. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टेकडीवर किंवा क्लासच्या रस्त्यावरच्या मोकळ्या प्लॉटजवळून गेली की डोळे लाल, हे फक्त तेवढ्याच दिवसांत. नंतर स्किन प्रिक टेस्ट केली, हातावर थेंब ठेवून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत कळतं, पण आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात नाहीतर टेस्ट चुकते, कधीपासून थांबवायच्या ते डॉक्टरांनाच विचारा. टेस्टमध्ये तेच आलं जे वहीत होतं, धुळीतले माइट्स (म्हणजे अगदी सूक्ष्म जीव) आणि गवताचे परागकण.

त्या प्लॉटवर गाजर गवत माजलेलं आहे, म्हणजे आपलं काँग्रेस गवत. १९५५ च्या सुमारास भारतात या गवताची पहिली नोंद झाली ती पुण्यातच, आणि आयात गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. एकेका झाडाला हजारो बिया येतात. परागकणांनी नाक-डोळ्यांना त्रास होतो, काहींना दमा उठतो, आणि ज्यांचा हात सारखा लागतो त्यांच्या मानेवर, चेहऱ्यावर, हातांवर असं पुरळ उठतं की वर्षानुवर्षं जात नाही. आता हे गवत काढायचं कधी, तर पावसात माती मऊ असताना आणि पांढरी फुलं यायच्या आधी, मुळासकट. आमच्या भागात मात्र ते चांगलं फुलून पांढरं झालं की मशीन फिरवतात, सगळे परागकण हवेत उडतात आणि कापणाऱ्या बिचाऱ्या माणसांच्या तोंडाला साधा मास्क नसतो की हातात ग्लोव्हज नसतात. याचा मला खरंच संताप येतो. टाकळा दाट वाढू दिला तर हे गवत मागे पडतं असं शेतीतली माणसं सांगतात, तोही उपाय करून बघायला काय हरकत आहे?

घरातल्या माइट्सचं म्हणाल तर ते डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या कातडीचे गळलेले कण खाऊन गादी-उशीत जगतात आणि दमट हवेत जोरात वाढतात, म्हणून पावसाळ्यात त्रास जास्त. चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला साठ डिग्रीच्या पाण्यात धुवा, गाद्यांना कडक ऊन दाखवा, झाडूऐवजी ओलं फडकं फिरवा. भिंतीला ओल येऊन काळी बुरशी धरली असेल तर नुसता रंग मारू नका, आधी गळती काढा. बाल्कनीतली कबुतरांची घाण सुकल्यावर खरवडू नका, आधी ओली करा आणि मास्क लावा, तिची पूड श्वासातून गेली तर काहींच्या फुफ्फुसांनाच सूज येते आणि ते दुखणं साध्या शिंकांपेक्षा फार वाईट आहे.

औषधांबद्दल थोडंच लिहिते. नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे लगेच काम करत नाही, रोज नेमाने मारला तर काही दिवसांनी गुण येतो, लोक दोन दिवसांत सोडून देतात. बंद नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांच्या वर वापरू नका, नंतर नाक उलट जास्त चोंदतं. माँटेलुकास्ट हे ॲलर्जी-दम्याचं औषध असलेली गोळी आपल्याकडे अगदी सहज घेतात, पण तिच्यामुळे झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, तेव्हा मुलांना ती मनाने देऊ नका. छातीत घरघर, रात्री खोकला, जिना चढताना दम लागत असेल तर डॉक्टरांकडे जाच, आणि इनहेलर दिला तर चार लोक काय म्हणतील म्हणून लपवू नका.

आता तुमच्याकडे एक मागणं. चंदीगडला पीजीआय हे मोठं सरकारी रुग्णालय आणि पंजाब विद्यापीठाच्या लोकांनी मिळून शहराचं परागकणांचं कॅलेंडर केलंय, कुठल्या महिन्यात कुठल्या झाडा-गवताचे कण हवेत असतात ते त्यात कळतं. आपल्याकडे पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे, त्यांच्या सफर या हवा मोजणाऱ्या यंत्रणेमुळे हवेतली धूळ-धूर रोज समजतो. आघारकर संशोधन संस्था आहे, विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे, बोटॅनिकल सर्व्हेचं केंद्र आहे. एवढी माणसं एका शहरात असताना पुण्याचं असं कॅलेंडर व्हायला हवं, आणि कुठल्या आठवड्यात काय फुललंय ते तुमच्या पेपरात हवामानाच्या चौकटीशेजारी दोन ओळींत छापून यायला हवं, म्हणजे माझ्या मुलीसारख्यांना औषध कधी सुरू करायचं आणि टेकडीवर कधी जायचं नाही ते आधीच ठरवता येईल. तुम्ही या संस्थांशी बोलाल का?

आपली,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे