नारिंगी गणवेशातल्या त्या चौघांना

22 जुलै 2021. वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली आणि बघता बघता आमचा तळमजला गेला. ऐंशीच्या घरातली आई, मी आणि मांजर वरच्या गॅलरीत. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, रबरी बोट गल्लीत वळली तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "पोरांनी काही खाल्लंय का रे?"

नावं विचारायची राहिलीच. एकाने "माताजी, कसके पकडो" म्हणत आईला पाठुंगळी घेतलं. दुसऱ्याने लोंबणारी केबल काठीने वर धरून ठेवली, आम्ही सगळे खालून जाईपर्यंत. मांजराला मात्र तुमच्यातला सर्वांत धिप्पाड गडी घाबरला!

2006 साली उभं राहिलेलं हे दल सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ अशा दलांतून जवान घेतं, हे मी नंतर वाचलं. म्हणजे तुमची गावंही कुठली कुठली असणार. तुम्ही आमचं गाव पाहिलंत ते असं, गढूळ पाण्याखाली.

मनापासून आभार. तुमच्याआधी शेजाऱ्यांना होडीतून नेणाऱ्या मुलांचेही.

आईचा चष्मा तुमच्या बोटीत राहिला. राहू दे.