गुडघा तोच, बिल मात्र मशीन बघून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये आईचा उजवा गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं. आई बरी आहे, काठी घेऊन अंगणापर्यंत चालते, डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ऑपरेशनच्या आधी कौन्सेलिंगच्या टेबलावर जो अर्धा तास गेला तो डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

तिथल्या मुलीने एक छापील कागद पुढे ठेवला, त्यावर दोन रकाने, एकात साधं ऑपरेशन आणि दुसऱ्यात रोबोटिक, म्हणजे रोबोट मशीनच्या मदतीने होणारं, आणि दोन्हीत एक लाख चाळीस हजारांचा फरक. आईने विचारलं, "साध्यात काय कमी असतं गं?" ती म्हणाली, "कमी काही नाही काकू, पण आता बहुतेक सगळे रोबोटिकच करून घेतात." बाबा काही बोलले नाहीत, पिशवीतून एफडीच्या पावत्या काढून टेबलाखाली मोजत बसले. आम्ही रोबोटिकला हो म्हणालो. आईच्या पायासाठी पैसे वाचवले असं जन्मभर मनाला टोचत राहिलं असतं, त्या खुर्चीत बसल्यावर दुसरं काही सुचतच नाही.

घरी आल्यावर मी वाचायला लागले. रोबोटने हाडाचा काप जास्त नेमका येतो हे खरं आहे, पण पाच-दहा वर्षांनी चालण्यात किंवा दुखण्यात पेशंटला मोठा फरक पडतो असं ठामपणे दाखवणारा पुरावा अजून तरी नाही. हे त्या कागदावर एका ओळीत लिहिता आलं नसतं का? आम्ही कदाचित तरीही रोबोटिकच घेतलं असतं, पण समजून घेतलं असतं.

आणि यातली गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर ऑगस्ट 2017 मध्येच लगाम घातलाय. कोबाल्ट क्रोमियमच्या नेहमीच्या इम्प्लांटची किंमत 54,720 रुपयांवर आणली, आधी तेच दीड लाखाच्या पुढे जायचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटचंही तसंच झालं, लाखाच्या वर विकला जाणारा औषधी स्टेंट 29,600 वर आला. माझ्या काकांना रात्री अडीच वाजता अटॅक आला तेव्हा अँजिओप्लास्टीनेच ते वाचले, त्यामुळे तंत्रज्ञान नको असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण आईच्या बिलात इम्प्लांटची ओळ लहान आणि त्याच्या खाली रोबोटिक चार्जेस, डिस्पोजेबल किट, ऑपरेशन थिएटर चार्जेस अशा ओळी लांबच लांब. वस्तूच्या किमतीला मर्यादा घातली की पैसा शेजारच्या ओळीत सरकतो, आणि त्या ओळींवर कोणाचंच लक्ष नसतं.

मोबाइल, टीव्ही दरवर्षी जास्त चांगले होतात आणि पैशाच्या मानाने स्वस्तही पडतात, मग हॉस्पिटलमधलंच मशीन आलं की खर्च का वाढतो? मला समजलं ते असं. नवीन मशीन जुन्याच्या जागी येत नाही, जुन्याच्या जोडीला येतं. एक्स-रे राहिला, सोनोग्राफी राहिली, सीटी स्कॅन राहिला, त्यावर एमआरआय आला. मशीन कोट्यवधींचं, बरेचदा बाहेरून आलेलं, कर्ज काढून घेतलेलं, वर दरवर्षीचा मेंटेनन्सचा करार, मग हप्ता निघायचा तर रोज इतके पेशंट त्याखाली गेलेच पाहिजेत. आणि फोन घ्यायचा की नाही हे आपण ठरवतो, स्कॅन करायचा की नाही हे दुसरंच कोणीतरी ठरवतं.

आमच्या शेजारच्या भाऊंची कंबर धरली, चौथ्या दिवशी एमआरआय. रिपोर्टमध्ये मणक्याची गादी सरकल्याचं आलं आणि सगळं घर हादरलं. खरं तर पन्नाशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन काढले तरी निम्म्याहून जास्त जणांची गादी झिजलेली नाहीतर फुगलेली दिसते. पायात ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, मार अशी काही लक्षणं नसतील तर साध्या कंबरदुखीत पहिले काही आठवडे स्कॅनची गरज नसते असं डॉक्टरांच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. भाऊ दीड महिन्यात आपोआप बरे झाले, पण तोपर्यंत तीन तज्ज्ञ, दोन तपासण्या आणि एक पट्टा झाला होता.

देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला 39 टक्के वाटा 2021-22 मध्ये लोकांच्या स्वतःच्या खिशातून गेला, हा सरकारचाच हिशोब आहे. आधीपेक्षा कमी झालाय हे मान्य, पण ज्याच्या घरात एफडी मोडली त्याला टक्का कमी झाल्याचा काय दिलासा.

करता येत नाही असं मात्र नाही. कोविडमध्ये सप्टेंबर 2020 ला आपल्याच राज्य सरकारने छातीच्या एचआरसीटी स्कॅनचे दर मशीनच्या क्षमतेप्रमाणे 2000, 2500 आणि 3000 असे बांधून दिले होते. मग एमआरआयचे आणि गुडघ्याच्या पूर्ण पॅकेजचे का नाहीत? दरपत्रक दर्शनी भागात लावायचा नियमही राज्यात 2021 पासून आहे, आम्हाला तो बोर्ड कुठे दिसला नाही, त्या टेबलावरचा कागद तेवढा दिसला.

तुमच्या जिल्हा पानावर कांदा-बटाट्याचे भाव रोज येतात. तसेच महिन्यातून एकदा एमआरआय, सीटी स्कॅन आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचे दर छापा अशी विनंती आहे, सरकारी दवाखान्यातलं मशीन चालू आहे की बंद तेही सोबत. मी साताऱ्यातल्या चार सेंटरना फोन करून कंबरेच्या एमआरआयचे दर वहीत लिहून ठेवलेत, सांगाल तेव्हा पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा